लघुसंदेश परदेशी कसा पोहोचतो

मुंबई-हावडा लोहमार्गावर, दुर्ग शहराच्या पूर्वेस भिलाई हे पोलादाचे नगर वसले आहे. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात या कारखान्याविषयीचा करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्या वर्षांत सोव्हिएत तज्ज्ञ तेथे कुटुंबांसह राहत होते. कारखान्याच्या वसाहतीत देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून माणसे आली आणि शेजारच्या विदर्भातून मराठी कुटुंबेही आली. अशा नगरात दूरच्या आप्तांची वार्ता हा नित्याचाच प्रश्न असतो. त्या काळी परदेशी तातडीचे वर्तमान कळवावयाचे तर तारेवाचून दुसरा सुलभ उपाय नव्हता. आणि तारेचे मूल्य शब्दागणिक आकारले जाई, म्हणून माणसे शब्द मोजून लिहीत. दिवाळी, विवाह अशा प्रसंगींच्या ठराविक शुभेच्छांना तर तारखात्याने क्रमांकच देऊन ठेवले होते. प्रेषकाने क्रमांक सांगावा आणि पोहोचण्याच्या ठिकाणी त्याचे वाक्य व्हावे, अशी ती सोय होती.

भारतातील तारसेवा १५ जुलै २०१३ पासून बंद झाली. तिची जागा ज्या साधनांनी घेतली, त्यांत भ्रमणध्वनीवरून जाणारा लघुसंदेश, म्हणजेच सर्वांच्या तोंडी असलेला एसएमएस, हा तारेचा खरा वारस म्हटला पाहिजे. तोही लांबीने मर्यादित आहे. तोही एका कार्यालयाकडून दुसऱ्या कार्यालयाकडे सुपूर्त होत जातो. आणि त्याचेही मूल्य त्याच्या लांबीवर अवलंबून असते. फरक इतकाच, की ही लांबी कशी मोजली जाते हे संदेश लिहिणाऱ्यास सहसा ठाऊक नसते. मराठीत लिहिणाऱ्यास हे अज्ञान इंग्रजीत लिहिणाऱ्यापेक्षा अधिक महाग पडते. त्याचे कारण समजण्यासाठी संदेशाचा सारा प्रवास प्रथम पाहणे इष्ट होईल.

समजा, भिलाईच्या सेक्टर ६ मध्ये राहणारे एक गृहस्थ टोरांटो येथील आपल्या कन्येस पुढील संदेश पाठवीत आहेत: ‘आईची शस्त्रक्रिया नीट झाली. आता शुद्धीवर आहे. काळजी करू नकोस.’ कन्येजवळ कॅनडातील एका कंपनीचा भ्रमणध्वनी आहे. गृहस्थांनी बोटाने कळ दाबली, की संदेश तेथून थेट टोरांटोकडे झेपावतो अशी सामान्य समजूत आहे. वस्तुतः तसे काहीच घडत नाही.

प्रथम पत्त्याचा विचार करू. प्रत्येक देशाला एक संकेतांक दिलेला आहे. भारताचा ९१, रशियाचा ७, संयुक्त अरब अमिरातीचा ९७१. देशाचा संकेतांक धरून कोणताही दूरध्वनी क्रमांक १५ अंकांहून लांब असू शकत नाही, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. संकेतांकापूर्वी अधिकचे चिन्ह लिहावयाचे. ‘येथून पुढे देशाचा संकेतांक आहे’ एवढेच ते चिन्ह सांगते. भारतातून परदेशी दूरध्वनी लावताना ००, अमेरिकेतून लावताना ०११, असे आरंभीचे अंक देशोदेशी वेगळे असतात; अधिकच्या चिन्हामुळे ते लक्षात ठेवण्याचे कारण उरत नाही. पुष्कळ जण देशांतर्गत वापरातला आरंभीचा शून्य देशाच्या संकेतांकानंतर तसाच ठेवतात. बहुतेक देशांच्या बाबतीत त्यामुळे पत्ताच चुकतो. संदेश न पोहोचण्याचे हे सर्वांत साधे आणि वारंवार आढळणारे कारण आहे. कॅनडाचा संकेतांक १ आहे. परंतु तो अमेरिकेची संयुक्त संस्थाने आणि कॅरिबियन समुद्रातील अनेक बेटे यांचाही आहे. तेव्हा नुसत्या पहिल्या अंकावरून देशसुद्धा निश्चित कळत नाही. पुढील अंक वाचावे लागतात.

कळ दाबताच संदेश बिनतारी लहरींवरून जवळच्या मनोऱ्याकडे जातो. संभाषणाचा आवाज ज्या मार्गाने जातो, तो हा मार्ग नव्हे. भ्रमणध्वनी खिशात स्वस्थ पडलेला असतानाही अधूनमधून मनोऱ्याशी बोलत असतो. आपण कोणत्या भागात आहोत हे कळवीत असतो. दूरध्वनी येणार असेल तर घंटा वाजविण्याची आज्ञाही याच गुप्त संवादातून येते. या संवादाच्या मार्गाला संकेतन-मार्ग म्हणावे. जुन्या पद्धतीच्या जाळ्यांत लघुसंदेश या मार्गाने जातो. म्हणूनच संभाषण चालू असतानाही तो येऊ शकतो. चौथ्या पिढीच्या जाळ्यांत मार्ग बदलले आहेत, तरी संदेशाची बांधणी मुख्यत्वे तीच राहिली आहे.

मनोऱ्याकडून संदेश पाठविणाऱ्याच्या कंपनीच्या लघुसंदेश-केंद्रात पोहोचतो आणि तेथे जपून ठेवला जातो. ‘संदेश गेला’ असे जे भ्रमणध्वनीवर दिसते, त्याचा अर्थ येथवरच्या प्रवासापुरताच असतो. टपालपेटीत पत्र टाकले, याहून अधिक काही त्यातून सिद्ध होत नाही. आता केंद्रापुढे प्रश्न उभा राहतो: हा क्रमांक या क्षणी कोठे आहे?

याचे उत्तर जगात एकाच ठिकाणी मिळते. प्रत्येक कंपनी आपल्या ग्राहकांची एक मूळ नोंदवही ठेवते. ग्राहकाचा भ्रमणध्वनी जेथे जाईल तेथून त्याची वर्दी या नोंदवहीत येते. भिलाईच्या गृहस्थांच्या कंपनीचे केंद्र कॅनडातील कंपनीच्या नोंदवहीकडे विचारणा करते. दोन कंपन्यांत तसा करार नसेल, तर हे काम आंतरराष्ट्रीय मध्यस्थ संस्था करतात. करारही नाही आणि मध्यस्थही नाही, असे असेल तर संदेश तेथेच थांबतो. यंत्रांत कोणताही बिघाड नसताना संदेश न जाण्याचे हे एक कारण होय. विचारणेचे उत्तर मिळाले की केंद्र संदेश पुढे सोडते. टोरांटोतील यंत्रणा त्या भागातल्या मनोऱ्यांवरून कन्येच्या भ्रमणध्वनीला हाक देते, भ्रमणध्वनी ओ देतो, संदेश स्वीकारतो आणि पोच परत पाठवतो.

नोंदवही ग्राहकाच्या मूळ कंपनीजवळच राहते, या एका गोष्टीतून चमत्कारिक वाटणारे परिणाम निघतात. हीच कन्या सुटीत भिलाईस आली आणि तिने आपला कॅनडाचा क्रमांक चालू ठेवला, तर शेजारच्या खोलीतून वडिलांनी पाठविलेल्या संदेशासाठीही चौकशी कॅनडापर्यंत जाऊन येते. ‘ती तर तुमच्याच गावात आहे’ असे उत्तर तेथून येते आणि मग संदेश भिंतीपलीकडे पोहोचतो. उलट, वडील भारतीय क्रमांक घेऊन टोरांटोस गेले आणि तेथून कन्येस संदेश पाठविला, तर तो आधी भारतातील त्यांच्या कंपनीच्या केंद्रात येतो आणि तेथून पुन्हा कॅनडास परततो. सासरी गेलेल्या मुलीचे पत्र माहेरच्या पत्त्यावरून फिरून यावे, तसाच हा प्रकार आहे.

हा सारा प्रवास कोणत्या मार्गाने होतो? भिलाईपासून मुंबईचा किनारा लोहमार्गाने सुमारे ११०० किलोमीटर दूर आहे. जमिनीखालून गेलेल्या काचतंतूंतून प्रकाशाचे ठोके तेथवर जातात आणि मग समुद्रतळावरील केबलींत शिरतात. मुंबई हे या बाबतीत फार जुने बंदर आहे. १८७० साली समुद्री तारेने ते एडनमार्गे इंग्लंडशी जोडले गेले. २३ जुलै १९२७ रोजी इंग्लंडशी बिनतारी तारसेवा सुरू झाली. तिची केंद्रे पुण्याजवळ खडकी आणि दौंड येथे होती. १९७०च्या दशकाच्या आरंभी जुन्नर भागातील आर्वी येथे उपग्रहाशी बोलणारे भूकेंद्र उभे राहिले. आज मात्र आंतरराष्ट्रीय वाहतुकीचा फार मोठा भाग उपग्रहांऐवजी समुद्रतळावरूनच जातो, हे अनेकांना नवल वाटण्यासारखे आहे. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ दोन केबली तुटल्या, तेव्हा भारतातील इंटरनेट सेवा ठिकठिकाणी मंदावली होती. काचतंतूत प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर असतो. मार्ग वीस हजार किलोमीटरांचा धरला तरी त्यास सेकंदाचा दहावा भागच लागेल. तेव्हा परदेशी संदेशास उशीर झाला, तर त्याचा दोष अंतराकडे जात नाही; विचारणा, मध्यस्थी आणि प्रतीक्षा यांतच तो वेळ जातो.

आता लांबीचा प्रश्न. युरोपात या भ्रमणध्वनी-पद्धतीची मानके ठरत होती, त्या सुमारास, १९८५ साली, बॉन येथे जर्मन अभियंता फ्रीडहेल्म हिलेब्रांड यांनी माणसे किती लांब लिहितात हे पाहण्यासाठी पोस्टकार्डे आणि टेलेक्स-संदेश तपासले. बहुतेक मजकूर दीडशे अक्षरांच्या आत बसतो, असे त्यांना दिसून आले. संकेतन-मार्गावर जागा थोडी होती. अखेर एका संदेशास १४० बाइट देण्याचे ठरले. बाइटमध्ये आठ बिट असतात, म्हणजे एकूण बिट झाले ११२०. रोमन लिपीची अक्षरे, अंक व विरामचिन्हे सात बिटांच्या सांकेतिक तक्त्यात बसविली होती. ११२० ला सातने भागले म्हणजे १६० येतात. १६० अक्षरांची जी मर्यादा सर्वत्र सांगितली जाते, तिचा उगम या भागाकारात आहे. पहिला लघुसंदेश ३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडमध्ये संगणकावरून भ्रमणध्वनीवर पाठविण्यात आला. त्यात नाताळच्या शुभेच्छा होत्या. भारतातील पहिले भ्रमणध्वनी-संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्त्याहून ज्योती बसू आणि दिल्लीहून सुखराम यांच्यात झाले.

सात बिटांच्या तक्त्यात १२८ जागा असतात. त्यांत रोमन, काही युरोपीय खुणांची अक्षरे आणि थोडी ग्रीक अक्षरे होती. देवनागरीला जागा नव्हती. देवनागरी संदेश पाठवावयाचा तर युनिकोड या सर्वलिपी-संकेताचा आश्रय घ्यावा लागतो आणि त्यात प्रत्येक चिन्हास सोळा बिट मोजले जातात. ११२० ला सोळाने भागा. उत्तर येते ७०. एकाच लखोट्यात इंग्रजीची १६० आणि मराठीची अवघी ७० चिन्हे मावतात, ती या कारणाने.

पुन्हा चिन्ह म्हणजे अक्षर नव्हे. मराठी वाचकास ‘शस्त्रक्रिया’ या शब्दात चार अक्षरे दिसतात: श, स्त्र, क्रि, या. यंत्र मात्र प्रत्येक व्यंजन, प्रत्येक हलन्त आणि प्रत्येक मात्रा वेगळी मोजते. त्याच्या हिशेबी ‘स्त्र’ मध्येच पाच चिन्हे आहेत आणि पूर्ण शब्दात बारा. गृहस्थांच्या संदेशात डोळ्यांना २७ अक्षरे दिसतात. शब्दांमधील मोकळ्या जागा आणि पूर्णविराम धरून यंत्राच्या मोजणीत ती ६१ चिन्हे भरतात. सत्तरांत संदेश बसला. आता त्यांनी शेवटी ‘उद्या फोन करतो.’ एवढे जोडले, तर बेरीज ७७ होते आणि एका संदेशाचे दोन होतात.

दोन तुकडे झाले की प्रत्येक तुकड्यावर ‘दोहोंपैकी पहिला’, ‘दोहोंपैकी दुसरा’ अशी खूण बांधावी लागते. ही खूण सहा बाइट घेते. म्हणून तुकड्यांच्या संदेशात एका तुकड्यास रोमनची १५३ आणि देवनागरीची ६७ चिन्हेच उरतात. वरील संदेशाचा पहिला तुकडा बरोबर ‘उद्या’ या शब्दाशी संपतो आणि ‘फोन करतो’ हे शब्द दुसऱ्यात जातात. दोन्ही तुकडे स्वतंत्रपणे प्रवास करतात. दोन्ही पोहोचले, तर कन्येचा भ्रमणध्वनी ते जोडून दाखवतो. एक मार्गात अडला, तर काही भ्रमणध्वनी उरलेल्याची वाट पाहत काहीच दाखवीत नाहीत आणि काही जण अर्धा संदेश दाखवतात. आईच्या शस्त्रक्रियेच्या वार्तेनंतर ‘उद्या’ या एकाच शब्दावर तुटलेले वाक्य वाचणाऱ्या मुलीच्या मनात काय येईल, हे सांगण्याची आवश्यकता नाही. मूल्यही बहुधा तुकड्यागणिक आकारले जाते. आणि देशांतर्गत संदेश योजनेच्या रकमेत धरलेले असले, तरी परदेशी संदेशांचा आकार पुष्कळदा वेगळा असतो.

यावरून कोणी म्हणेल, की देवनागरीच्या मात्रा आणि जोडाक्षरे हाच या गैरसोयीचा उगम आहे. हा तर्क टिकत नाही. ‘शस्त्रक्रिया’ हा शब्द रोमन लिपीत लिहून पाहावा. त्यालाही बाराच अक्षरे लागतात. चिन्हे दोहोंकडे सारखीच. पण रोमन बारा चिन्हे ८४ बिटांत मावतात आणि देवनागरी बारा चिन्हांना १९२ बिट लागतात. दोष लिपीच्या घडणीत नसून तिला दिलेल्या मापात आहे. देवनागरीची सारी आवश्यक चिन्हे १२८ जागांच्या तक्त्यात बसू शकतात. भारतीय लिपींसाठी आठ बिटांचा राष्ट्रीय मानक संकेत १९९१ सालीच निघाला होता. पुढे लघुसंदेशाच्या आंतरराष्ट्रीय मानकातही हिंदी, बंगाली, तमिळ इत्यादी भारतीय भाषांसाठी सात बिटांचे तक्ते जोडण्यात आले आणि हिंदीच्या तक्त्यात देवनागरी आली. त्याने एका संदेशात दीडशेहून थोडी अधिक चिन्हे मावू शकतात. परंतु पाठविणारा आणि घेणारा अशा दोन्ही भ्रमणध्वनींना तो तक्ता अवगत हवा; परदेशात विकत घेतलेल्या यंत्राकडून ती अपेक्षा कोण धरणार? तोवर पुष्कळ मराठी माणसांना मराठी भाषा रोमन लिपीत लिहिण्याची सवय लागून गेली होती. तिचे एक कारण कळफलकाची अडचण हे होते, दुसरे जुन्या यंत्रांवर देवनागरीच्या जागी दिसणारे कोरे चौकोन. आणि तिसरे हा भागाकार. ‘ळ’ आणि ‘ल’, ‘ण’ आणि ‘न’ यांतील भेद या सवयीत पुसला जातो, ही हानी लहान नव्हे.

येथे एक सूचना उपयोगाची आहे. संदेश रोमन लिपीत असला, तरी त्यात देवनागरीचे एखादेच अक्षर किंवा २०१० साली स्वीकारलेले रुपयाचे ₹ हे चिन्ह आले, तर सारा संदेश सोळा बिटांच्या मापात जातो आणि मर्यादा १६० वरून ७० वर येते.

इंटरनेटवरून जाणारे संदेश अशी अक्षरमोजणी करीत नाहीत. व्हॉट्सॲपसारख्या साधनांनी परदेशस्थ कुटुंबांचा नित्याचा संवाद पुष्कळ अंशी आपल्याकडे ओढून घेतला आहे. परंतु त्यांना दोन्ही टोकांस इंटरनेट आणि एकच साधन असावे लागते. लघुसंदेशास केवळ क्रमांक पुरतो, आणि साधा कळफलकाचा भ्रमणध्वनीही तो घेऊ शकतो. बँकांचे गुप्त सांकेतिक अंक आजही बहुधा याच मार्गाने येतात. परदेशी गेलेल्या ग्राहकाने भारतीय क्रमांक चालू ठेवण्याचे हे एक मोठे कारण असते. तथापि या मार्गावर संदेश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कुलूपबंद राहत नाही. मधल्या केंद्रांना तो वाचता येतो. कंपन्यांमधील विचारणेची जुनी पद्धत परस्परांवरील विश्वासावर उभी होती. खोटी विचारणा करून दुसऱ्याचे संदेश वळविता येतात हे २०१४ साली जर्मनीतील एका परिषदेत दाखवून देण्यात आले आणि २०१७ साली त्याच देशात अशा रीतीने बँकेच्या खात्यांतून पैसे काढले गेल्याचे उघडकीस आले.

संदेशावर केंद्र वेळेचा शिक्का मारते, तोही ध्यानात घेण्याजोगा आहे. जगातील प्रमाणवेळांचे अंतर त्यात तासांऐवजी पाव तासांत लिहिलेले असते. भारताची वेळ ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे, म्हणून तिचा अंक २२, नेपाळचा २३. पूर्ण तासांचे माप धरले असते, तर भारताचा अर्धा तास लिहिताच आला नसता. हिवाळ्यात टोरांटोची वेळ ग्रीनिचच्या वीस पाव तास मागे असते. दोहोंतील अंतर ४२ पाव तास, म्हणजे साडेदहा तास. भिलाईत सकाळी आठ वाजता पाठविलेला संदेश तेथे आदल्या रात्री साडेनऊस पोहोचतो.

कन्येने रात्री भ्रमणध्वनी बंद केला असेल, तर काय होते? कॅनडातील यंत्रणा ‘ग्राहक सापडत नाही’ असे कळवते आणि मूळ नोंदवहीत एक खूण केली जाते. संदेश भारतातील केंद्रातच राहतो. सकाळी भ्रमणध्वनी चालू होताच तो मनोऱ्याशी बोलतो, नोंदवहीतील खूण जागी होते, केंद्रास वर्दी जाते आणि संदेश पुन्हा निघतो. मध्यंतरी केंद्र आपण होऊनही ठराविक वेळांनी प्रयत्न करीत असते. संदेश किती काळ जपावा याची मानकातील कमाल मर्यादा ६३ आठवड्यांची आहे. कंपन्या मात्र इतके थांबत नाहीत, थोड्या दिवसांत तो काढून टाकतात. पाठविणाऱ्याने पोच मागितली असेल, तरच त्याला याची वार्ता मिळण्याची शक्यता असते, आणि परदेशी जाळ्यांतून ही पोच नेहमीच परत येते असे नाही. आलेली पोचही भ्रमणध्वनीने संदेश स्वीकारला एवढेच सांगते. तो कोणी वाचला की नाही, हे तिला कळत नाही.